आर्मेनियन आजीच्या आठवणी रेकॉर्ड करताना

बैरूतजवळच्या बुर्ज हम्मूद या आर्मेनियन वस्तीत किंवा सीरियातल्या अलेप्पोत वाढलेल्या आजीला पहिलाच प्रश्न १९१५च्या आर्मेनियन नरसंहाराचा विचारू नका. ती गप्प होते, नाहीतर सगळ्यांनी ऐकलेलंच सांगते. त्याऐवजी जुना फोटो हातात द्या. फोटोमागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला (पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते) आणि तो क्रमांक रेकॉर्डिंगमध्ये मोठ्याने म्हणा. नाहीतर ‘ही माझी मावशी’मधली ‘ही’ कोण, हे पुढे कुणालाच कळणार नाही.

फोन एअरप्लेन मोडवर, तिच्यापासून दोन वीत अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या टेबलावर फोन असेल तर कॉफीचा कप टेकला तरी रेकॉर्डिंगमध्ये ठक्क आवाज येतो. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये WAV फाइल (आवाज न दाबता साठवणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. तासाभरात थांबा.

सगळ्यात जास्त घोळ नावांत होतो. आर्मेनियन भाषेची दोन रूपं आहेत: एकच नाव पश्चिम आर्मेनियनमध्ये (लेबनॉन-सीरियातली) ‘बेद्रोस’, पूर्व आर्मेनियनमध्ये (आर्मेनिया देशातली) ‘पेत्रोस’, अक्षरं मात्र तीच. म्हणून नावं आर्मेनियन लिपीतच लिहा, शेजारी तिचा उच्चार. गावाचं नाव ती ‘ऐन्ताब’ म्हणाली तर तेच ठेवा, तुर्कस्तानातलं आजचं नाव ‘गाझियान्तेप’ कंसात. लिहिलेली नावं तिच्याकडूनच एकदा तपासून घ्या, आणि त्याच आठवड्यात.