कंबर दुखून राहिली? ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी हे बघा

मागच्या उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी टाकायला बादली उचलली अन् कंबर धरली, ती चार महिने सुटलीच नाही. १२ आठवड्यांच्या वर दुखणं टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात.

पहिले हे पक्कं करा की दुखतं कुठं. नुसत्या कंबरेत, का कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीपर्यंत करंट उतरल्यासारखं? ऑपरेशनचा खरा फायदा पायातल्या दुखण्याला होतो, दबलेली नस मोकळी होते म्हणून. नस दबलेली नाही अन् फक्त कंबर दुखते, तर कापून बहुतेक वेळा हाती फारसं लागत नाही.

एमआरआयला घाबरू नका. माझ्या रिपोर्टमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीला, बल्ज (फुगवटा) लिहून आला तर घरात सुतक पडल्यासारखं झालं, पण चाळिशीनंतर काहीच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही बल्ज दिसतो ना भाऊ.

मग करायचं काय, तर पडून राहायचं नाही. मी नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी १० मिनिटांपासून चालणं सुरू केलं. फिजिओने शिकवलेला एक व्यायाम अजून करतो, चटईवर हात-गुडघे टेकायचे, डावा हात समोर अन् उजवा पाय मागे सरळ करायचा, कंबर इतकी स्थिर की पाठीवर पाण्याचा गिलास ठेवला तर सांडू नये. पहिल्या आठवड्यात माझा गिलासच काय, मीच सांडत होतो. २०२३ च्या डब्ल्यूएचओच्या गाइडलाइनमध्येही व्यायामावर भर आहे, कंबरेचा पट्टा अन् ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ओढणं) रुटीनमध्ये नको म्हटलंय. माझा पट्टा आलमारीवर धूळ खाऊन राहिला.

पेनकिलर थोडे दिवस ठीक, पण बीपी, किडनी, अ‍ॅसिडिटी असेल तर मेडिकल स्टोअरवाल्याला विचारून घेऊ नका, डॉक्टरला विचारा. मणक्यातलं स्टेरॉइड इंजेक्शन पायाच्या कळेला काही आठवडे आराम देऊ शकतं, त्या काळात व्यायाम केला तर उपयोग.

गादी सरकून नस दबलीय अन् ६ ते १२ आठवड्यांत पायाची कळ कमी झाली नाही तर मायक्रोडिस्केक्टॉमीचा, म्हणजे छोट्या छेदातून गादीचा नस दाबणारा तुकडा काढायच्या ऑपरेशनचा, विचार होतो. चाललं की पाय भरून येतात अन् बसलं की बरं वाटतं, अशी मणक्यातली नसांची नळी अरुंद झाली असेल तर डीकंप्रेशन, म्हणजे नसांना जागा मोकळी करायचं ऑपरेशन. स्क्रू-रॉडचं फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडून टाकणं, मोठं काम आहे, मणका सरकलेला असेल तर कधी कधी लागतं. धंतोलीत, आमच्या नागपूरच्या दवाखान्यांच्या भागात, कोणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख देत असेल तर फाइल घेऊन मिहानच्या एम्समध्ये दुसरं मत घ्या अन् सरळ विचारा, कंबर थांबेल का पाय?

रात्री ताप अन् वजन उतरत असेल तर टीबीही असू शकतो, तपासून घ्या. अन् लघवी अडली, जांघेत-बैठकीच्या जागी बधिर वाटलं, किंवा पाऊल उचलेनासं झालं तर अपॉइंटमेंटची वाट नका पाहू, त्याच रात्री मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या, कॅज्युअल्टीत जा.