नेव्ही टॉवेल आणि ‘रन आऊट ऑफ’

बीकॉम झाल्यावर मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कारखान्यात लागलो. काम काय तर बायरचे मेल वाचायचे, खाली जाऊन त्याचा अर्थ मराठीत सांगायचा आणि संध्याकाळी उत्तर टाइप करायचं. मराठी मीडियमचा असलो तरी इंग्रजीत मार्क बरे होते, त्यामुळं जरा हवेतच होतो.

दुसऱ्याच आठवड्यात मेल आला, ‘वी आर रनिंग आऊट ऑफ नेव्ही बाथ टॉवेल्स, प्लीज अ‍ॅडव्हाइज.’ आता रन आऊट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, 2019 ची वर्ल्ड कप सेमीफायनल, गप्टिलचा थ्रो आणि धोनी आऊट. मी म्हटलं नेव्ही आऊट, म्हणजे ह्यांना हा गडद निळा रंग बंद करायचाय. सरळ खाली गेलो आणि डाइंग मास्तरांना सांगून नेव्हीचा लॉट थांबवला. तीन दिवसांनी फोन आला तेव्हा कळलं की बायरकडचा नेव्ही संपत आलाय आणि त्याला माल लवकर पाहिजे होता. मास्तर म्हणाले, “का बे, बीकॉम हाय म्हणतो आणि संपलं का थांबलं एवढं कळंना तुला?” मग रात्रपाळीला लॉट लावला, तरी माल पुढच्या कंटेनरलाच गेला.

त्यानंतर ‘रन आऊट’ हे एक क्रियापद मी डोकं लावून शिकलो. गडबड होते ती कुठं, तर मराठीत आपण म्हणतो ‘आमचं दूध संपलं’, म्हणजे संपतं ते दूध. इंग्रजीत मात्र संपण्याच्या वाक्यात बहुतेक वेळा माणूसच पुढं येतो, ‘वी हॅव रन आऊट ऑफ मिल्क.’ शब्दाला शब्द लावत बसलं की ‘आम्ही दुधातून बाहेर पळालो’ असलं काहीतरी होतं, म्हणून लावायचंच नाही. माणूस किंवा कंपनी पुढं असली आणि काय संपलं ते सांगायचं असलं की मागं ‘ऑफ’ पाहिजेच. वस्तूच पुढं आणली तर ‘ऑफ’ लागत नाही, ‘द मिल्क हॅज रन आऊट.’ मी पहिले सहा महिने ‘वी रॅन आऊट यार्न’ असं लिहायचो, ‘ऑफ’ गिळून. कुणी बोललं नाही, पण चूक ती चूकच.

दुसरी चूक सगळेच करतात, रन-रॅन-रन पाठ असूनही ‘वी हॅव रॅन आऊट’ लिहितात. हॅव, हॅज, हॅड आलं की परत ‘रन’. आणि ‘आय अ‍ॅम रन आऊट’ म्हणालात तर समोरचा विचारेल कुणी थ्रो मारला.

स्टॉकच्या मेलमध्ये पायऱ्या कळल्या पाहिजेत, नवीन लागलेल्यांनी हे तर लक्षातच ठेवा. ‘रनिंग लो ऑन’ म्हणजे कमी झालंय, अजून थोडा दम आहे. ‘रनिंग आऊट ऑफ’ म्हणजे आता संपायलाच आलंय, हालचाल करा. ‘रॅन आऊट ऑफ’ किंवा ‘हॅव रन आऊट ऑफ’ म्हणजे गेलं, रॅक रिकामा. मी मधल्या पायरीवर पडलो.

वस्तूच संपली पाहिजे असं पण नाही. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची आणि रिक्षावाला सात रस्ता चौकात गॅस भरत उभा, तर ‘वी आर रनिंग आऊट ऑफ टाइम.’ पेशन्स संपतो, आयडिया संपतात, सगळ्याला हेच चालतं. मुदतीला पण चालतं, ‘माय पासपोर्ट रन्स आऊट इन मार्च’, इथं वस्तू पुढं म्हणून ‘ऑफ’ गायब. मोबाईलचा डेटा पॅक संपला तरी तेच.

एक मात्र सांभाळा, ‘रन आऊट ऑन’. ‘ही रॅन आऊट ऑन हिज फॅमिली’ म्हणजे घरच्यांना वाऱ्यावर सोडून निघून गेला. ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ पडला की माल संपल्याची बातमी देता देता भलताच आरोप होतो.

प्रॅक्टिस मी घरातच केली. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं टाकीत डोकावलं की ‘वी आर रनिंग लो ऑन वॉटर’, दुसऱ्या दिवशी ‘रनिंग आऊट’, आणि तिसऱ्या दिवशी आई बादली आपटायची तेव्हा ‘वी हॅव रन आऊट ऑफ वॉटर.’ शेंगाचटणीच्या बरणीवर पण हाच हिशोब चालला. आई एकदा वैतागून म्हणाली, ते इंग्रजीत सांगत बसण्यापेक्षा शेंगदाणे घेऊन ये की.