गाइडेड पीक एक्सपिडिशनला जायचंय? आधी सुट्ट्या मोजा

सह्याद्रीत काही वर्षं फिरून झालं, हिमालयात एखाद-दोन ट्रेकही झाले की पुढचा प्रश्न येतोच, आता एखादं शिखर करूया का, पाच-सहा हजार मीटरचं, बर्फ-दोरवालं. येऊरला किंवा खारघर हिलला रविवारी पहाटे चालायला येणाऱ्यांमध्ये हा विषय निघाला की मी आधी एकच विचारते, सुट्टी किती दिवस मिळेल? बूट कुठले, खर्च किती, समिट होईल का, हे सगळं नंतर. कारण गाइडेड मोहिमेत तंबू, जेवण, पोर्टर, गाइड, दोर सगळं पैसे देऊन मिळतं पण शरीराला उंचीची सवय व्हायला जे दिवस लागतात ते तुमच्या लीव्हमधूनच जातात. आपल्याकडे नोकरीवाला माणूस दोन शनिवार-रविवार जोडून नऊ दिवस काढतो, कंपन्यांनाही ते पक्कं माहीत आहे, म्हणून नऊ दिवसांत कशीबशी बसवलेली आयटिनररी बाजारात भरपूर मिळते. ती वाचायला शिकलात तर निम्मं काम झालं.

कसं वाचायचं ते सांगते. आयटिनररीतले फोटो सोडा, कागद घ्या, प्रत्येक दिवसापुढे रात्री झोपायची उंची लिहा. दिवसा किती वर गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे महत्त्वाचं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं, हा डॉक्टर लोकांनी घालून दिलेला नियम आहे. आपण ठाण्या-बेलापूरची माणसं, जन्मभर समुद्रसपाटीला श्वास घेतलेला, साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब इथल्या जवळजवळ निम्मा असतो, एका श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी.

आता फ्रेंडशिप पीक घ्या, ५,२८९ मीटर, मनालीजवळ, आपल्याकडचे बरेच जण पहिलं शिखर म्हणून हेच निवडतात. मनाली २,०५० मीटर, धुंदीवरून पहिल्या दिवशी बकरथाच म्हणजे ३,३०० च्या आसपास, दुसऱ्या दिवशी लेडी लेग, ३,८०० च्या थोडं वर. इथे एक पूर्ण दिवस विश्रांती-सराव आणि शेवटी हवामानासाठी निदान एक राखीव दिवस दिसला पाहिजे, दोन असतील तर उत्तम. लेडी लेगवरून एका दमात समिट करायचं म्हटलं तर साडेचौदाशे मीटरच्या आसपास चढ होतो, बारीतून कळसुबाई चढतो त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त, तेही रात्री, बर्फात, जड बुटांत. म्हणून मध्ये वरचा एक कॅम्प लावणारी टीम मला जास्त पटते.

लडाखचं गणित वेगळं. विमानाने थेट लेहला उतरता, ३,५०० मीटर, तिथे निदान दोन पूर्ण दिवस काहीही करायचं नाही, खारदुंगलाला गाडीने जाऊन फोटोही नाही. कांग यात्से-२ साधारण ६,२५० मीटर, मारखा व्हॅलीतून चालत गेलात तर वाटेतच सवय होत जाते, शॉर्टकटने आलात तर नाही. युनामबद्दल खास सांगायचंय, ६,१११ मीटर, दोराचं काम फारसं नाही म्हणून "सोपं सहा हजारी" म्हणून खपवतात, पण मनाली-लेह रस्त्यावरून गाडीच तुम्हाला पार वर आणून सोडते, पायांना काही कळायच्या आत डोकं दुखायला लागतं. वाटेत केलाँग-जिस्पाला रात्री काढणार नसाल तर नको. स्टोक कांगरी बंद आहे २०२० पासून, जुने ब्लॉग वाचून त्याची चौकशी करत बसू नका. नेपाळचं आयलंड पीक ६,१८९ मीटर, एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जोडून करतात त्यामुळे उंची आपोआप सावकाश वाढते, मात्र वरच्या बर्फाच्या भिंतीवर जुमार (दोरावरून वर चढायची पकड) नीट चालवता आला पाहिजे. आणि नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, मोठ्या माणसाला नुसत्या आधारवर सोडत नाहीत. सतोपंथ (७,०७५) आणि नुन (७,१३५) हे सात हजारवाले पुढचे, पहिल्याच वर्षी त्यांची जाहिरात बघून पैसे भरू नका.

महिनाभर सुट्टी काढता येत असेल, विशेषतः कॉलेजात असाल किंवा नोकरी बदलताना मध्ये गॅप असेल, तर पॅकेज बाजूला ठेवा आणि उत्तरकाशीच्या निमचा, दार्जिलिंगच्या एचएमआयचा नाहीतर मनालीच्या संस्थेचा, म्हणजे गिर्यारोहण शिकवणाऱ्या सरकारी संस्थांपैकी एकीचा, बेसिक कोर्स करा. साधारण चार आठवड्यांचा असतो, रोप-वर्क, आइस-क्राफ्ट (बर्फावर चालणं-चढणं) सगळं हातातून जातं, ए ग्रेड मिळाली तर पुढे अ‍ॅडव्हान्सचा रस्ता उघडतो. जागा लवकर भरतात म्हणून आधीपासून फॉर्मवर नजर ठेवा. ज्याने बेसिक केलाय तो गाइडेड मोहिमेतही वेगळा दिसतो, त्याला दुसऱ्याने हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) बांधून द्यावा लागत नाही.

आता कंपनी निवडणं. इथे लाजू नका, फोन करा, भरपूर विचारा, चांगला माणूस प्रश्नांनी वैतागत नाही. टीमचा लीडर कोण, त्याचं नाव सांगा, त्याने अ‍ॅडव्हान्स आणि एमओआय (शिकवणाऱ्यांसाठीचा पुढचा कोर्स) केलंय का, या शिखरावर तो स्वतः किती वेळा गेलाय, फर्स्ट एडचं ट्रेनिंग आहे का. एका गाइडमागे माणसं किती, कारण ट्रेकला एकामागे दहा चालून जातात पण क्रेव्हास म्हणजे खोल भेगा असलेल्या बर्फावर दोरात एका गाइडबरोबर तीनच्या वर मला नको वाटतात. ऑक्सिजन सिलिंडर कुठल्या कॅम्पपर्यंत येतो, एखादा आजारी पडला तर त्याला खाली घेऊन कोण जाणार आणि मग उरलेल्यांबरोबर कोण राहणार. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा, त्याच्या उत्तरावरून स्टाफ पुरेसा आहे का ते लगेच कळतं. परमिटचंही विचारा, शिखर इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनच्या परवानगीत येत असेल तर टीमच्या यादीत तुमचं नाव असलेला कागद मागा, ट्रेकच्या परमिटवर शिखर चढवणारे लोक आहेत आणि अपघात झाला की मग इन्शुरन्सपासून सगळंच अडकतं. "समिट गॅरंटी" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. ओळख हवी असेल तर दर पावसाळ्यात मुलुंडला गिरिमित्र संमेलन भरतं, ठाण्याहून एक स्टेशन, तिथे मोहिमा केलेली माणसं समोर भेटतात, त्यांना नावं विचारा.

इन्शुरन्सची पॉलिसी स्वतः वाचा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा ठरावीक उंचीच्या वर किंवा दोर-आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) वापरून केलेली चढाई वगळलेली असते, ते बारीक अक्षरात असतं. हेलिकॉप्टर म्हणाल तर हवामान असेल तरच येतं, बोलावलं की आलं असं नाही. अजून एक, अमेरिकेतल्या दादाने सॅटेलाइट फोन किंवा गार्मिनचा इनरीच (सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र) पाठवला असेल तर तो बिलकुल नेऊ नका, भारतात सरकारी परवानगीशिवाय ती वस्तू जवळ ठेवणं बेकायदा आहे, एअरपोर्टवर लोक पकडले गेलेत.

तयारीला निदान चार-पाच महिने द्या. जिमपेक्षा डोंगर बरा. आठवड्यात तीन दिवस चालणं-पळणं, बोलता येईल इतक्याच वेगात पण तासभर तरी, मग येऊर, पारसिक, मामा-भांजे, जे जवळ असेल तिथे सॅक घेऊन चढ. टॉवरमध्ये राहत असाल तर लिफ्ट सोडा, जिने आहेतच. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, दहा-बारा किलोपर्यंत हळूहळू वाढवा, वर पोचल्यावर पाणी ओतून टाका म्हणजे उतरताना गुडघ्यांवर लोड येत नाही. महिन्यातून दोनदा मोठा दिवस, आसनगावहून माहुली, पनवेलहून प्रबळगड-कलावंतीण, रात्री बारीतून कळसुबाई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय दुखत असतानाच परत तासभर चाला, मोहिमेत रोज तेच असतं. पण एक लक्षात ठेवा, फिटनेसमुळे चढ सोपा जातो, उंचीचा त्रास टळत नाही. उलट मॅरेथॉनवाली दणकट माणसंच पहिल्या दिवशी भराभर पुढे जातात आणि रात्री उलट्या करतात.

डॉक्टरकडे निघायच्या दोन महिने आधी जा. हिमोग्लोबिन, बीपी, ईसीजी, चाळिशीच्या पुढे असाल तर स्ट्रेस टेस्टचंही विचारा, आणि दात तपासून घ्या, थंडीत किडलेला दात फार छळतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का हे डॉक्टरनेच ठरवायचं, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नक्की सांगा. ती घेतली की बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं, त्याला घाबरू नका. बायकांनो, मोहिमेत पाळी येऊ शकते, उंचीवर तारखाही पुढे-मागे होतात, पॅड आणि वापरलेलं परत आणायला झिपलॉक घेऊन जा, टॉयलेट टेंट आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारा, लीडर पुरुष असला तरी बिनधास्त विचारा.

गिअरमध्ये क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे लोखंडी दात), आइस अ‍ॅक्स, हार्नेस, हेल्मेट, स्नो बूट बहुतेक कंपन्या देतात किंवा मनाली-लेहला भाड्याने मिळतात, पहिल्या वेळी विकत घेऊ नका. बूट मात्र जाड मोजे घालून बघा आणि क्रॅम्पॉन त्याच बुटाला लावून बघा, हॉटेलवरच, बेस कॅम्पवर नाही. स्वतःचे हवेत ते आतले थर, चांगले हातमोजे दोन जोड, कॅटेगरी चारचा गॉगल (साध्या गॉगलने बर्फावरच्या उन्हात डोळे भाजतात, काही काळ दिसेनासं होतं, स्नो ब्लाइंडनेस खरंच होतो) आणि हेडटॉर्च. आपल्या दमट हवेचं एक सांगून ठेवते, माळ्यावर दोन-तीन वर्षं पडून असलेले ट्रेकिंगचे बूट वरून नवेकोरे दिसतात पण सोलमधलं पॉलियुरेथेन आर्द्रतेने कुजतं आणि चालता चालता तळ सुटून येतो. तसले बूट आधी इथल्याच डोंगरावर दोन-तीन वेळा वापरून बघा.

खाण्याचं, वर भूक मरते, दाल-चावल बघवत नाही. खजूर, राजगिरा लाडू, लसणाची कोरडी चटणी, लिंबाचं लोणचं, जे घरी आजारपणातही खाल्लं जातं ते न्या. चिक्की थंडीत दगड होते, घरीच बारीक फोडून न्या. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, रात्री बाटली उलटी ठेवा कारण पाणी वरून गोठतं, नळीवाली बॅग समिटच्या रात्री गोठते म्हणून तिच्यावर अवलंबून राहू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप नाही, हे झालं की लीडरला त्याच संध्याकाळी सांगायचं. पैसे भरलेत, घरच्यांना सांगून आलोय, आपल्यामुळे टीम थांबेल, असल्या विचाराने लोक लपवतात, गोळी खाऊन गप्प बसतात. गाइडला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही, तुम्ही बोललात तरच त्याला ठरवता येतं. साधं डोकं दुखत असेल तर आहे तिथेच थांबायचं, बरं वाटेपर्यंत वर नाही. बसल्या जागी धाप लागते, खोकल्यात फेस येतो, म्हणजे फुप्फुसात पाणी. तोल जातो, सरळ रेषेत चालता येत नाही, असंबद्ध बोलतो, म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हीत सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी खाली उतरवायचं, ऑक्सिजन-औषधं त्याच्या जोडीला. तंबूतल्या जोडीदाराशी आधीच ठरवून ठेवा की मी विचित्र वागलो तर माझं ऐकू नकोस, लीडरला उठव.

समिटला रात्री बारा ते दोनच्या मध्ये निघतात कारण तेव्हा बर्फ कडक असतो, ऊन आलं की तो मऊ होतो, दगड सुटतात, क्रेव्हासवरचे बर्फाचे पूल कमजोर होतात. म्हणून परत फिरायची वेळ निघण्याआधीच विचारून घ्या, आणि ती झाली की शिखर समोर शंभर मीटरवर असलं तरी वळायचं, उतरायला पायात ताकद शिल्लक लागते. ताजा बर्फ पडला असेल आणि लीडर एक दिवस थांबूया म्हणाला तर तोच राखीव दिवस वापरायचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा-२ वर निमच्या ट्रेनिंग टीमवर हिमस्खलन आलं, त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट केलेल्या सविता कंसवालही गेल्या, म्हणजे सगळे शिकलेले, जाणकार लोक बरोबर असतानाही डोंगरावर असं होतं. गाइड आहे म्हणून धोका संपला असं घरच्यांनाही सांगू नका, खरं काय ते सांगा, परतीचं तिकीट राखीव दिवस धरून काढा आणि वर रेंज नसते, चार-पाच दिवस फोन येणार नाही, हेही सांगून ठेवा.

परत आल्यावर ऑफिसच्या आधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा. मे-जूनची मोहीम असेल तर इकडे पाऊस सुरू झालेला असतो, स्लीपिंग बॅग आणि डाउन जॅकेट तसंच पिशवीत कोंबून ठेवलं तर आठवड्यात बुरशी येते, पंख्याखाली पूर्ण सुकवा, मग सैल कापडी पिशवीत ठेवा.