पियानोवादक मार्क-आंद्रे आमलँ ऐकायचाय, पण सुरुवात कुठून करू?

बरेच जण याचा एखादा व्हिडिओ बघतात, "बापरे, काय स्पीड आहे" म्हणतात आणि विषय संपतो. बोटं बघा की, पण नंतर. आधी कान लावा, कारण हा १९६१ साली माँट्रियलला जन्मलेला माणूस जे वाजवतो ते फारसं कोणी वाजवत नाही, आणि त्यातलं बरंच त्याला घरीच मिळालं, वडील फार्मसिस्ट पण पियानोचे पक्के शौकीन.

सगळ्यात आधी त्याने वाजवलेला संगीतकार कापुस्तिन लावा, ओपस ४० (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक), आठ कॉन्सर्ट एट्यूड्स, म्हणजे वाजवण्याचं कसब घासणाऱ्या रचना. ऐकताना वाटतं सरळ जॅझ चाललंय, मूड आला तसं वाजवतोय, पण एकूण एक सूर कागदावर लिहिलेला आहे.

मग आल्काँ, हाही संगीतकार. त्याच्या ओपस ३९ मध्ये एकट्या पियानोसाठी लिहिलेला कॉन्चेर्तो (एरवी एक वाद्य आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवतात ती मोठी रचना) आहे, ऑर्केस्ट्राचं कामही पियानोवालाच करतो, जवळपास ५० मिनिटं, तर तिथे लगेच उडी मारू नका. त्याच ओपसमधला शेवटचा, बारावा एट्यूड घ्या, 'इसापची मेजवानी'. आठ बारची (बार म्हणजे मात्रांचा एक गट) छोटीशी थीम, म्हणजे मूळ धून, तिच्यावर २५ व्हेरिएशन्स, म्हणजे तीच धून दरवेळी बदलून, दहाएक मिनिटांत आटोपतं. थीम गुणगुणता येईपर्यंत मागे नेऊन नेऊन ऐका, मगच पुढे जा आणि दरवेळी ती कुठे लपलीये ते शोधत बसा, खालच्या सुरांत जाते, कधी तुकड्यातुकड्यांत येते, आणि एका ठिकाणी तर आल्काँने चक्क 'भुंकत' वाजवा असं लिहिलंय! नोटेशन वाचता येत असेल तर आयएमएसएलपी या नोटेशनच्या वेबसाइटवर फुकट आहे, समोर ठेवा.

पुढचा संगीतकार गोडोव्स्की, त्याच्या ५३ स्टडीज दुसऱ्या संगीतकाराच्या, शोपँच्या एट्यूड्सवर आहेत, त्यामुळे मूळ शोपँ आधी ऐकलाच पाहिजे, नाहीतर गंमत कळणार नाही. रेव्होल्यूशनरी एट्यूड घ्या, शोपँमध्ये डावा हात धावतो आणि उजवा गातो, गोडोव्स्की दोन्ही कामं एकट्या डाव्यावर टाकतो. डोळे मिटून ऐका आणि सांगा एक हात वाटतो का.

संगीतकार मेटनर मात्र घाईत नको. वरवर काहीच अवघड वाटत नाही, पहिल्यांदा बोअरही होईल, त्याचा एकच सोनाटा (पियानोची मोठी रचना) आठवडाभर लावा. माझ्या मते खरा माल इथेच आहे.

संगीतकार बुसोनीचा पियानो कॉन्चेर्तो सुट्टीच्या दिवशी, सत्तरच्या वर मिनिटं लागतात, आणि मध्येच सोडू नका, शेवटच्या भागात पुरुषांचा कोरस येतो.