मामांची डब्बी आणि २४ शब्द: हार्डवेअर वॉलेट सुरू कसं करावं

इंदूरच्या रामबागेतले आमचे मामा बँकेतून निवृत्त झाले. त्यांच्याकडे २०२१ साली हौसेने घेतलेलं थोडं बिटकॉइन आहे, आणि ते एका एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या साइटवर, तसंच पडून होतं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्सचेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, तेव्हा मामांचं खातं तिथे नव्हतं. तरी त्यांची झोप उडाली. पुढच्याच महिन्यातल्या एका रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर त्यांनी पेनड्राइव्हएवढी काळी डब्बी, म्हणजे हार्डवेअर वॉलेट, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हे घे. यात माझे कॉइन भरून दे."

तर पहिल्यांदा हेच सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे: डब्बीत कॉइन भरले जात नाहीत. कॉइन कायम ब्लॉकचेनवरच असतात, म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर असलेल्या हिशेबाच्या वहीत. ते खर्च करायला जी गुप्त किल्ली लागते, प्रायव्हेट की, ती या डब्बीत तयार होते आणि डब्बीतच राहते. पैसे पाठवताना संगणक नुसता कागद पुढे सरकवतो, सही डब्बी आतल्या आत करते. त्यामुळे संगणकात व्हायरस असला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. डब्बी हरवली, गाडीखाली आली, तरी पैसे जात नाहीत, कारण सुरुवातीला डब्बीने दिलेल्या शब्दांवरून तीच किल्ली दुसऱ्या डब्बीत परत उभी करता येते. उलट ते शब्द कोणाच्या हाती लागले, तर डब्बी तिजोरीत असूनही पैसे गेले समजा.

विकत घेताना

जेल रोडच्या बाजारात काय मिळत नाही, पण ही वस्तू तिथे घासाघीस करून घ्यायची नाही. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, नाहीतर तिने आपल्या साइटवर ज्यांची नावं दिली आहेत त्या विक्रेत्याकडून. वापरलेली डब्बी फुकट मिळाली तरी नको. आणि पाकिटात आधीच भरलेला शब्दांचा कागद निघाला, किंवा "हा तुमचा पिन" अशी चिठ्ठी निघाली, तर ती वस्तू फसवणुकीचीच आहे. शब्द नेहमी तुमच्यासमोर, डब्बीच्या पडद्यावर पहिल्यांदा जन्माला आले पाहिजेत.

न मागवता घरी आलेल्या डब्बीचंही तेच. अशा डब्ब्या बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची यादी २०२० मध्ये फुटली, त्यात सुमारे २ लाख ७० हजार लोकांचे घरचे पत्ते आणि फोन नंबर होते. नंतर त्यातल्या काहींना "तुमचं यंत्र बदलून देत आहोत" म्हणून चक्क बनावट डब्ब्या टपालाने आल्या. मागवताना घराऐवजी ऑफिसचा पत्ता देणं मला बरं वाटतं.

बसायची जागा

तासभर निवांत वेळ काढा. मामा जेवणाच्या टेबलाशीच सुरू करणार होते. मी वर पाहिलं तर मुलाने बसवलेला सीसीटीव्ही बरोबर त्याच टेबलाकडे तोंड करून होता, त्याचं चित्रण इंटरनेटवर जातं. आम्ही आतल्या खोलीत गेलो, फोन बाहेर ठेवले.

संगणकावर कंपनीचं ॲप लागतं. ते गुगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारून घेऊ नका, खोट्या साइट तिथेच टपलेल्या असतात. खोक्यावरचा पत्ता स्वतः टाइप करा. ॲप डब्बी अस्सल आहे का ते तपासतं आणि आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, जुनं असेल तर नवं घालतं. दोन्ही आधीच करून घ्या.

पिन

डब्बी विचारते, नवीन वॉलेट की जुनं परत आणायचं? नवीन निवडायचं. मग पिन. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. लेजरमध्ये लागोपाठ तीनदा पिन चुकला की डब्बी स्वतःला कोरी करते, ट्रेझर या दुसऱ्या कंपनीच्या पहिल्या दोन मॉडेलांत १६ वेळा चुकल्यावर. हे ऐकून मामा घाबरले. घाबरायचं कारण नाही, याचा आपण पुढे उपयोग करून घेणार आहोत.

शब्द लिहिणं, आणि आमची फजिती

आता पडद्यावर एकेक करून शब्द येतात, १२ किंवा २४. आमच्या डब्बीने २४ दिले. हे २,०४८ साध्या इंग्रजी शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून निवडलेले असतात. ही पद्धत २०१३ ची आहे आणि बहुतेक कंपन्या तीच पाळतात, त्यामुळे एका कंपनीच्या डब्बीवर मिळालेले शब्द सहसा दुसऱ्या कंपनीच्या डब्बीतही चालतात. ही यादी जपानी, स्पॅनिश, फ्रेंच अशा काही भाषांत आहे, मराठीत नाही.

कागद घ्या, पेन घ्या, क्रमांक टाकून लिहा. फोटो काढायचा नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवायचं नाही. ईमेलच्या ड्राफ्टमध्ये, गुगल ड्राइव्हवर, संगणकाच्या कुठल्याही खिडकीत टाइप करायचं नाही. मी मामांना हे सगळं तीन-तीनदा बजावलं आणि नियमाप्रमाणे कागदाकडे पाठ करून बसलो. मामांनी सुंदर अक्षरात शब्द लिहिले. देवनागरीत.

ते मला कळलं नाही. डब्बीलाही कळायचं कारण नव्हतं. शब्द देऊन झाले की ती लगेच उलटतपासणी घेते, पण तेव्हा तिच्या पडद्यावर आपलेच २४ शब्द फिरत असतात. कागदावर 'राइट' आणि पडद्यावर तो एकच राइट, जुळलं. मामा खूश.

मग मी सांगितलं, "आता मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाका."

मामी दारातून म्हणाल्या, "अरे, आत्ताच तर सगळं केलंत ना!"

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्या खटाटोपात हीच सगळ्यात मोलाची आहे. एक रुपयाही आत नसताना डब्बी पुसायची आणि फक्त कागदावरून परत उभी करायची. पुसण्याआधी ॲपमध्ये बिटकॉइनचं खातं उघडून पैसे घेण्याचा पहिला पत्ता, म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची ओळ, कागदावर उतरवून घ्या, तो गुप्त नसतो. मग पुसा. आता 'जुनं परत आणा' निवडून शब्द भरायला लागा, तेही फक्त डब्बीवर, संगणकावर नाही. दोनच बटणं असतात, एकेक अक्षर शोधताना बोटं दुखतात. आम्हाला वीस मिनिटं लागली आणि शेवटी डब्बी म्हणाली, शब्द बरोबर नाहीत.

कागद हातात घेतला तेव्हा उलगडा झाला. सतरावा शब्द 'राइट'. उजवा की लिहिणे? यादीत दोन्ही आहेत. मामांनी भरताना उजवा धरला होता. दुसरा भरून पाहिला, परत वीस मिनिटं, आणि वॉलेट उघडलं. उतरवून घेतलेला पत्ता अक्षरन् अक्षर तोच आला.

आम्ही दोघं होतो, पैसे आत नव्हते, म्हणून हसून सोडलं. दहा वर्षांनी मामी एकट्या हे करत असत्या तर? देवनागरीतल्या 'नाइफ'साठी त्या एनपासून शोधत बसल्या असत्या, शब्द सुरू होतो केपासून. तेव्हा शब्द इंग्रजी लिपीत, मोठ्या अक्षरांत, सुटे सुटे लिहा.

एक बारकावा. या शब्दांत पडताळणीचा हिशेब गुंफलेला असतो, म्हणून एखादा चुकला तर डब्बी बहुधा नकार देते. बहुधाच. २४ शब्दांत सरासरी २५६ पैकी एखादी चुकीची यादी खपून जाते आणि भलतंच, रिकामं वॉलेट उघडतं. म्हणून 'उघडलं' एवढ्यावर थांबू नका, पत्ता जुळवा.

कागदानंतर पत्रा

कागद वाळवी खाते, पावसाळ्यात ओल येते, शाई उडते. स्टीलच्या जाड पट्टीवर शब्द ठोकून ठेवणं उत्तम. मामींनी लगेच सुचवलं, "बर्तन बाजारात भांड्यांवर नावं घालून देतात, दहा मिनिटांत होईल." नाही! शब्द तिसऱ्या माणसाच्या डोळ्यांखालून जाता कामा नयेत. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांचे पंच मिळतात, इंग्रजी ए ते झेडचा संच. सियागंजातून तो आणि एक पट्टी आणली. यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात, त्यामुळे प्रत्येक शब्दाची चारच अक्षरं ठोकली तरी पुरतात. म्हणजे जास्तीत जास्त ९६ ठोके. खाली लाकडी फळी घ्या आणि शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळा.

पट्टी एका जागी, कागद दुसऱ्या. डब्बीसोबत दोन्हीपैकी काहीही ठेवू नका. बँकेचा लॉकर चालेल, पण जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपुरतीच असते, हे लक्षात असू द्या. चोवीस शब्दांवर आणखी एक स्वतःचा गुप्त शब्द लावायची सोयही असते. मी मामांना ती वापरू दिली नाही. तो शब्द विसरला तर पट्टी असूनही काही उपयोग नाही, आणि मामा चष्मा कुठे ठेवला ते विसरतात.

पैसे आणताना

एक्सचेंजवरून कॉइन बाहेर पाठवता येतात का ते आधी पाहा, सगळीकडे ती सोय नसते. खात्यातला खरेदीचा सगळा तपशील उतरवून घ्या. स्वतःच्याच वॉलेटमध्ये कॉइन हलवणं ही विक्री नाही, पण पुढे विकाल तेव्हा नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ एप्रिल २०२२ पासून, आणि तेव्हा मूळ खरेदीची किंमत दाखवावी लागेल.

ॲपमध्ये 'पैसे घ्या' म्हटलं की पत्ता संगणकावर आणि डब्बीवर, दोन्हीकडे दिसतो. खरा डब्बीवरचा. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारे व्हायरस असतात, त्यामुळे एक्सचेंजच्या खिडकीत पेस्ट झालेला पत्ता डब्बीशी ताडून पाहा. पहिली-शेवटची चार अक्षरं पुरत नाहीत, मुद्दाम तशी जुळवलेले खोटे पत्तेही असतात. मी वाचत गेलो, मामा डब्बीवर बोट ठेवून "हो, हो" म्हणत गेले, बँकेत चेक तपासायचे तसे. नेटवर्कही बघा, म्हणजे कॉइन कोणत्या ब्लॉकचेनवरून जाणार ते. बिटकॉइन बिटकॉइनच्याच नेटवर्कवरून, आणि यूएसडीटीसारखी डॉलरच्या भावाशी बांधलेली नाणी अनेक नेटवर्कवर चालतात, तिथे दोन्हीकडे एकच नेटवर्क निवडलेलं हवं.

आधी एक्सचेंज काढू देईल तेवढी किमान रक्कम पाठवा. बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे त्या वहीचं नवं पान, साधारण दहा मिनिटांनी बनतो, कधी लवकर, कधी बऱ्याच उशिरा. "यूपीआयसारखं टुणकन वाजत नाही का?" मामांनी विचारलं. नाही वाजत. ती रक्कम दिसली की बाकीची पाठवा. पाठवण्याचं शुल्क दोनदा जातं, जाऊ दे.

रोजच्या वापरात

डब्बीच्या पडद्यावर जे वाचता येत नाही त्याला होकार द्यायचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्सचेंजचे सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेव्हा सह्या करणाऱ्यांकडेही हार्डवेअर वॉलेटच होती. संगणकाच्या पडद्यावर व्यवहार नेहमीचा दिसत होता, सही भलत्यावरच झाली.

आणि शब्द कोणी मागितले, कंपनीचा माणूस म्हणून, पोलीस म्हणून, आयकरवाला म्हणून, तरी द्यायचे नाहीत. खऱ्या कामासाठी ते कोणालाच लागत नाहीत. चुकून दिलेच, तर आधी दुसऱ्या डब्बीवर नवे शब्द काढून पैसे तिकडे हलवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

राहता राहिली घरच्यांची बाब. मामांनी घराच्या कागदपत्रांच्या फायलीत एक पान लावलं आहे: काय आहे, कोणत्या प्रकारची डब्बी लागते, उघडायला कोणाला सोबत घ्यायचं, आणि फोनवर कोणाला काही सांगायचं नाही. शब्द किंवा पिन त्या पानावर नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत मामी पट्टी काढून पुसतात आणि मामा डब्बी जोडून फर्मवेअर बघतात, पट्टी हाताशी असतानाच. गेल्या दिवाळीत मी विचारलं, पट्टी ठेवता कुठे? मामी म्हणाल्या, "तू चकल्या खा."