हातघडणीच्या सुऱ्या जमवताय? मग या चुका टाळा

इंदूरमध्ये या नादाचे आम्ही मोजून सात-आठ जण. तरी दर पावसाळ्यात माझ्या फोनवर तोच फोटो येतो. पात्यावर तपकिरी ठिपके आणि खाली प्रश्न, "काका, लोहाराने फसवलं का हो?"

नाही रे बाबा. तू ती म्यानात घालून कपाटात ठेवलीस.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण माझ्या पहिल्या सुरीचं मीच हे केलं. बंगळूरच्या एका कारागिराकडून घडवून घेतली होती. 52100 नावाचं कार्बन पोलाद, साडेपाच इंची पातं, शिसवी मूठ, सोबत जाड चामड्याचं हाताने शिवलेलं म्यान. आठ महिने वाट पाहिली होती. जूनमध्ये ती आली. चार जणांना दाखवली, म्यानात सरकवली आणि लोखंडी कपाटात साड्यांच्या वरच्या खणात ठेवून दिली. वापरायची म्हणजे ओरखडा पडेल ना! गणपतीत पुण्याहून मावसभाऊ आला तेव्हा मोठ्या ऐटीत काढली. निघता निघेना. ओढली तर चामडं जिथे पात्याला चिकटून होतं, नेमक्या तेवढ्या आकाराचा गंज. वरचा पुसला गेला, पण खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. त्यातले पाच अजून आहेत.

आईने सुरी उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच म्हणाली, "माझी विळी बघ. तुझ्या मुंजीच्या आधीची आहे."

विळी काळीठिक्कर होती, पण गंजाचा ठिपका नव्हता. रोज कांदे-बटाटे चिरायचे, धुवायची, लगेच फडक्याने कोरडी करून भिंतीला टेकवायची. तिचं पोलादही साधं कार्बनचंच. 52100 मध्ये क्रोमियम असतं जेमतेम दीड टक्का; स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के लागतं. म्हणजे हे पोलाद गंजणारच. त्यात चामडं दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेली आम्लं नि क्षार त्यात उरलेले असतात. कारागिराला फोन केला तर तो हसला. म्हणाला, म्यान कमरेला लावून हिंडायला दिलंय, घरी झोपवायला नाही.

तेव्हापासून माझ्या सुऱ्या लाकडी फळीवर उघड्या असतात. केमिस्टकडे मिळतं ते लिक्विड पॅराफिन दोन थेंब, जुन्या धोतराच्या तुकड्याने. खोबरेल तेल लावू नका, खवट होतं. तिळाचं चिकट होऊन बसतं. जुलै ते सप्टेंबर दर दुसऱ्या रविवारी, पोहे-जिलेबी आटोपली की मी सगळ्या एकदा पुसतो. अर्धा तास जातो. ज्याला एवढाही वेळ नाही त्याने स्टेनलेसची घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, निळसर-करडा थर म्हणजे गंज नव्हे. तो वापराने येतो आणि तांबड्या गंजाला थोडा अटकाव करतो. एकाने तो पितळेच्या पॉलिशने घासून काढला आणि चकाचक पात्याचा फोटो मला पाठवला. मी उत्तरच दिलं नाही.

दुसरा ताप म्हणजे दमास्कस, म्हणजे थरांच्या नक्षीचं पोलाद. लाटालाटांची नक्षी दिसली की नव्या पोरांचं भान हरपतं. खरी नक्षी दोन पोलादांचे थर तापवून, घणाने जोडून, दुमडून येते. बहुतेक वेळा एक 1084 सारखं साधं आणि दुसरं 15N20, ज्यात सुमारे दोन टक्के निकेल असतं. फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की साधं काळवंडतं, निकेलवालं उजळ राहतं. स्वस्तातल्या सुरीवर हीच नक्षी नुसती वरून कोरलेली असते. म्हणून मी आधी पात्याची पाठ बघतो. थर खरे असतील तर रेषा पाठीवरून पलीकडे जातात. शंका उरलीच तर मुठीजवळ नखाएवढी जागा बारीक पॉलिशपेपरने घासायची आणि पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडचा थेंब ठेवायचा. जेल रोडवर सर्किट बोर्डवाल्यांकडे ते मिळतं. हातमोजे घाला, आणि नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन पुसा. खरी नक्षी परत उगवते. कोरलेली गेली ती गेली.

मला एकाने असंच थरांचं पातं "शिवकालीन पोलाद" म्हणून विकायला आणलं होतं. आपल्याकडचं जुनं मुशीतलं पोलाद, ज्याला इंग्रज वूट्झ म्हणत, त्याची नक्षी थर दुमडून येत नाही. ती मुशीत थिजलेल्या पोलादातच असते. एवढं सांगितल्यावर गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले.

नक्षी खरी निघाली तरी सुरी चांगली ठरत नाही. पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून-निववून पातं कडक केलंय का, आणि कडकपणा किती, हे विचारा. स्वयंपाकाच्या कार्बन सुरीला 60 एचआरसीच्या (कडकपणाचं रॉकवेल माप) आसपास मला बरा वाटतो. जो लोहार पोलादाचं नाव सांगायला कां-कूं करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

बाकीच्या चुका झटपट. सायकलवरच्या धारवाल्याकडे देऊ नका. ठिणग्या उडून धार निळी पडली की तिथे तापमान 300 अंशांच्या घरात गेलेलं असतं आणि पाणी उतरलेलं असतं. 1000 नंबरचा दगड घ्या, हात बसायला महिना लागेल, लागू दे. सहा मिलिमीटर जाड पातं "मजबूत" म्हणून मागवू नका. टोमॅटो चिरायचा आहे, झाड तोडायचं नाही. सांबरशिंगाची मूठ कोणी देऊ केली तर नको म्हणा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची भानगड आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं घरगुती वा शेतीकामाचं नसेल तर शस्त्रांच्या यादीत जातं, हेही ऑर्डरच्या आधी वाचून ठेवा.

लाकडी मूठ कूलरच्या झोतात ठेवू नका. मे महिन्यात माळव्याची हवा कोरडी ठाक, लाकूड आक्रसतं आणि मुठीच्या कडेला पोलाद बोटाला टोचू लागतं. कूलर लावला की तेच लाकूड फुगतं. दोन उन्हाळ्यांत माझी एक मूठ रिबिटपाशी तडकली. आता होळीच्या सुमारास जवसाचं तेल चोळतो.

आणि कारागिराला ते दर आठवड्याला "भिया, हुई क्या?" विचारणं थांबवा. त्यापेक्षा ऑर्डर देतानाच काय कापणार, तळहात किती रुंद, डावखुरे आहात का, हे लिहून द्या. माझ्या ओळखीच्या एका डावखुऱ्याने हे सांगितलंच नाही. उजव्या हातासाठी एकाच बाजूने धार लावलेली सुरी आली, आणि ती आता त्याची बायको वापरते. तिला ती फार आवडली आहे.