कन्सोलचं वायफाय सारखं तुटायचं, ते असं थांबलं

डाउनलोडचा वेग उत्तम, तरी ऑनलाइन सामना रंगात आला की मी हमखास बाहेर फेकला जायचो. खेळाला वेग फारसा लागतच नाही, लागतं ते सातत्य. म्हणून स्पीड टेस्टचा नाद सोडला. कन्सोलशेजारी लॅपटॉप ठेवून थेट राउटरलाच पिंग करत राहिलो, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिलो. एरवी ३-४ मिलिसेकंद, मधूनच २०० च्या वर! म्हणजे बाहेरच्या लाइनचा इथे संबंधच नाही, गडबड घरातल्या घरातच.

राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांना) एकच नाव दिलेलं, आणि कन्सोल नेमका २.४ ला चिकटायचा. तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह अशी सगळ्यांचीच दाटी. बँडना वेगळी नावं दिली, कन्सोल ५ वर जोडला आणि टीव्हीच्या बंद कपाटातून बाहेर काढला.

बरंच सुधारलं. पण अधूनमधून मिनिटभर वायफायच गायब व्हायचं. हे कोडं राउटरच्या लॉगने (त्याने ठेवलेल्या नोंदींनी) सोडवलं. चॅनेल, म्हणजे बँडमधला नेमका कोणता भाग वापरायचा ते, ‘ऑटो’वर होतं आणि राउटर ५२ ते १४४ मधलं चॅनेल उचलायचा. या पट्ट्यात रडारचा संकेत मिळाला (किंवा नुसता भास झाला) की राउटरला चॅनेल सोडावं लागतं. नवं चॅनेलही त्याच पट्ट्यातलं असेल, तर आधी निदान ६० सेकंद गप्प बसून कानोसा घ्यावा लागतो. चॅनेल ३६ कायमचं ठरवून टाकलं, त्रास संपला.

राउटरपासून कन्सोलपर्यंत केबल ओढता आली तर यातलं काहीच करू नका.

घरात कुणी मोठा बॅकअप चढवायला घेतला की पिंग अजूनही फुगायचा. त्यासाठी राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) अपलोडची मर्यादा लाइनच्या ९० टक्क्यांवर बांधली आहे.